सोफा घेताना त्याच्या पोटात काय आहे ते आधी बघा

जुन्या सोफ्यांना नवं कापड आणि नवी गादी चढवणं हे माझं काम. लोक सोफा बाहेरून बघतात, मी तो उघडून बघते. खालचं काळं कापड फाडलं, पिना उपसल्या, की हा सोफा इतक्या लवकर का बसला ते बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं. वाईट याचं वाटतं, की घेणाऱ्यांनी रंग निवडायला आठवडे घातलेले असतात आणि बैठकीखाली काय आहे हे एकदाही विचारलेलं नसतं. हॉलसाठी सोफा, खुर्च्या, टेबल घ्यायला निघालेल्या ओळखीच्या माणसांना मी जे सांगते, ते इथे नीट लिहून काढते.

आधी माणसं मोजा

घरातलं कोण, किती वेळ आणि कसं बसणार आहे, याचा विचार दुकानात जाण्याआधीच करा. संध्याकाळी दोन-दोन तास टीव्हीसमोर बसणारा, पाय वर घेऊन वाचणारी, तिथेच आडवं होऊन डुलकी काढणारा, गुडघे दुखतात म्हणून बसायलाच कचरणारी आजी, या सगळ्यांना एकच बैठक सारखी सोयीची होत नाही. कोणाची सोय आधी बघायची, हे घरीच ठरवून निघा.

मग टेप घ्या. साध्या खुर्चीवर पाय जमिनीला सपाट टेकवून बसा आणि दुसऱ्या कोणालातरी दोन मापं घ्यायला सांगा. पहिलं, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. ही तुमच्या बैठकीची उंची. दुसरं, कमरेच्या मागच्या बाजूपासून त्याच खळगीपर्यंत. यातून पाचेक सेंटीमीटर वजा करा, ती तुमच्या बैठकीची खोली. बहुतेक मोठ्या माणसांसाठी उंची ४० ते ४५ सेंटीमीटरच्या आसपास येते. पण तुमचं माप वेगळं आलं तर तुमचंच खरं धरा. उंची बघताना एक लक्षात ठेवा, माणूस बसल्यावर गादी दबते. दुकानातल्या कार्डावर ४५ लिहिलं असेल आणि गादी मऊ असेल, तर बसल्यावर हातात ३८ किंवा ३९ सुद्धा उरू शकतात.

हल्ली ६० ते ६५ सेंटीमीटर खोल, बुटक्या सोफ्यांची चलती आहे. फोटोत ते छान दिसतात आणि लोळायला खरोखर चांगले असतात. बसायला मात्र ते फार थोड्या लोकांना मानवतात. बैठक तुमच्या मांडीपेक्षा लांब असली की दोनच गोष्टी होऊ शकतात. पाठ टेकवून बसलात तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते आणि पाय अधांतरी राहतात. पाय टेकवायला पुढे सरकलात तर पाठीमागे पोकळी पडते आणि कंबर गोल होऊन बसते. अर्ध्या तासात कंबर बोलायला लागते. घरात उंच आणि बुटकी दोन्ही माणसं असतील तर मध्यम खोली घ्या आणि पाठीच्या उश्या सुट्या असलेला सोफा बघा. एक जादा उशी मागे टाकून खोली कमी करता येते, पण कमी पडलेली खोली वाढवता येत नाही.

वयस्कर माणसांसाठी सोफा बघताना मी सगळ्यात जास्त आग्रही असते. त्यांना ४५ ते ५० सेंटीमीटर उंची, घट्ट गादी आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत येणारे भक्कम हात हवेत. हात मधेच संपले तर उठताना रेटा द्यायला काही उरत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, बैठकीखाली पुढच्या बाजूला मोकळी जागा हवी. उठताना आपण पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे ओढून घेतो आणि मगच वजन पुढे टाकतो. सोफा जमिनीपर्यंत बंद असेल तर पावलं मागे जात नाहीत आणि माणूस पुन्हा धपकन मागे बसतो. एका घरातून सोफा माझ्याकडे आला तो ‘बाबांना टोचतो, अजून मऊ करून द्या’ असं सांगून. बाबा कसे बसतात आणि कसे उठतात ते मी घरी जाऊन पाहिलं. टोचत काहीच नव्हतं. ते इतके खाली रुतत होते, की दरवेळी मुलाला हात द्यावा लागत होता. गादी मऊ करण्याऐवजी मी घट्ट फोम घातला आणि पाय पाच सेंटीमीटरने उंच केले. त्यानंतर ते दोन्ही हातांवर भार देऊन एकटे उठायला लागले.

दुकानात बसा, आणि नीट बसा

दोन मिनिटं टेकून ‘छान आहे’ म्हणणं याला बसणं म्हणत नाहीत. मऊ गादी पहिल्या क्षणी प्रत्येकाला आवडते. ती चांगली की वाईट हे पंधरा-वीस मिनिटांनी कळतं. चपला काढा, घरी बसता तसे बसा. पाय वर घेत असाल तर वर घ्या, आडवे होत असाल तर व्हा. विक्रेत्याला काय वाटेल याचा विचार करू नका, वर्षानुवर्षं बसायचं तुम्हाला आहे.

बसल्यावर कंबरेच्या खोलगट भागाला आधार मिळतोय का ते बघा. पाठ किंचित मागे कललेली हवी. अगदी ताठ पाठ माणसाला पुढे ढकलते. हात ठेवल्यावर खांदे वर उचलले जात असतील तर सोफ्याचे हात उंच आहेत. एका बाजूला झुकावं लागत असेल तर बुटके आहेत. दबलेल्या बैठकीपासून १८ ते २५ सेंटीमीटर ही बहुतेकांना मानवणारी उंची. मान टेकवायची सवय असेल तर पाठ तितकी वर येते का ते डोकं मागे टेकवूनच बघा, अंदाजाने नको. शेवटी हाताचा आधार न घेता उठून बघा, आणि घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसालाही उठायला सांगा.

सोफ्याच्या हातांवर आणि पुढच्या कडेवर अंगठा जोरात दाबा. आतल्या लाकडाची धार अंगठ्याला लागली तर तिथे फोम अगदी पातळ लावलाय. कापड सगळ्यात आधी तिथेच विरतं, कारण ते दोन्ही बाजूंनी घासलं जातं.

सांगाडा

माझ्याकडे येणाऱ्या सोफ्यांत कापड फाटलेलं असणं ही सगळ्यात सोपी तक्रार, गादी बसणं ही दुसरी. सांगाडा मोडला असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च करायचा की नाही, हा विचार करावा लागतो. त्यामुळे पैसे कुठे घालायचे असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर सांगाडा.

लाकूड साग असेल, शिसम असेल, बीच असेल, पण ते नीट वाळवलेलं हवं. घरातल्या वस्तूंसाठी भट्टीत वाळवलेल्या लाकडात साधारण ८ ते १२ टक्के ओल उरते. ओलं लाकूड वापरलं तर ते घरी आल्यावर सुकतं, आणि सुकताना लांबीत जवळजवळ आहे तसं राहतं, पण रुंदीत आकसतं. सांधे तिथेच सैल होतात आणि सोफा करकरायला लागतो. प्लायवूडचं नाव काढल्यावर लोक नाक मुरडतात, पण चांगल्या जाड प्लायचा सांगाडा मी मनापासून चांगला मानते. त्यात थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो सहसा चिरत नाही आणि स्क्रू घट्ट धरतो. मला भीती वाटते ती पार्टिकल बोर्डची. भुसा आणि चिप्स दाबून केलेला हा बोर्ड कपाटाच्या स्थिर फळीला चालतो. पण माणूस धपकन बसतो तो हिसका त्याला सोसत नाही.

हे प्रत्यक्ष कसं दिसतं ते सांगते. तीन माणसांचा सोफा, बाहेरून जेमतेम वापरलेला, एका बाजूला बैठक खचलेली. उलटा केला, खालचं कापड काढलं. नागमोडी स्प्रिंगा धड होत्या. पण पुढची आडवी पट्टी पार्टिकल बोर्डची होती, आणि स्प्रिंग अडकवायच्या क्लिपा बोर्डाचा लचका घेऊन निघून आल्या होत्या. स्क्रूच्या भोकात बोट घातलं तर भुसा गळायचा. तिथे पुन्हा स्क्रू लावून काहीच उपयोग नव्हता, पुढची अख्खी पट्टी बदलावी लागली. ती पट्टी पहिल्यापासून लाकडाची असती तर फार मोठा फरक किमतीत पडला नसता.

दुकानात सोफा फाडता येत नाही, पण खालून बघता येतो. पुढच्या कडेखाली मोबाइलचा टॉर्च लावा, किंवा सोफा मागे कलंडवायला सांगा. काही सोफ्यांच्या खालच्या कापडाला चेन असते. कोपऱ्यांत तिकोनी ठोकळे स्क्रू आणि गोंद लावून बसवलेत का? लाकूड एकमेकांत खाचेत किंवा खुंट्यांनी बसवलंय, की नुसत्या पिना ठोकल्यात? कापड धरायला पिना चालतात, सांगाडा धरायला नाही. पाय मुख्य लाकडात बोल्टने कसलेले हवेत. दोन मीटरपेक्षा लांब सोफ्याला मधे आधाराचा पाय नसेल, तर आतली पट्टी किती जाड आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आतलं काहीच बघता आलं नाही तरी एक परीक्षा करता येते. पुढचा एक पाय साधारण १५ सेंटीमीटर वर उचला. तोपर्यंत पुढचा दुसरा पायही जमिनीवरून सुटायला हवा. तो टेकलेलाच राहिला तर सांगाडा पिळवटतोय. मग सोफ्याचे दोन्ही हात धरून तो आडवा हलवा. करकर ऐकू आली, तर नव्या सोफ्याला ती शोभत नाही आणि पुढे वाढतच जाते. पाठीच्या मागे आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला बोटांनी टकटक करा. पुठ्ठ्याचा पोकळ आवाज आला तर तिथे खरंच पुठ्ठा असू शकतो. मुलं हातांवर चढून बसणारी असतील तर तो सोफा घेऊ नका.

स्प्रिंग, पट्टे आणि फोम

गादीच्या खाली आधाराचे तीन प्रकार जास्त भेटतात. नागमोडी स्प्रिंगा, ताणलेले रबरी किंवा कापडी पट्टे, आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा. गुंडाळीच्या स्प्रिंगा दोरीने आठ दिशांनी बांधलेल्या असल्या तर उत्तमच, पण हे हाताचं काम आहे आणि महाग पडतं. रोजच्या घराला जाड तारेच्या नागमोडी स्प्रिंगा पुरतात. त्या एकमेकींना आडव्या तारेने बांधलेल्या हव्यात, म्हणजे वजन एकाच स्प्रिंगवर येत नाही. पट्टे असतील तर ते उभे-आडवे विणलेले आणि जवळजवळ हवेत. नुसते आडवे, चार बोटांचं अंतर सोडून मारलेले पट्टे लवकर सैल पडतात. हे तपासायला सुटी गादी उचला आणि खालच्या भागावर तळहाताने ठिकठिकाणी दाबा. सगळीकडे सारखं लवचीक लागलं पाहिजे.

आता फोम. इथे बहुतेक सगळे फसतात, कारण घनता आणि घट्टपणा या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. घट्टपणा म्हणजे दाबल्यावर तो किती विरोध करतो. कमी घनतेचा फोमही कारखान्यात घट्ट बनवता येतो. तो दुकानात हाताला मजबूत लागतो आणि पुढे काही महिन्यांतच बसतो. फोम टिकणार किती याचा अंदाज घनतेवरून येतो. बैठकीसाठी घनमीटरला ३२ ते ४० किलो घनतेचा फोम मागा, त्यातही एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स, दाब काढल्यावर पटकन मूळ आकारात येणाऱ्या, प्रकारचा असेल तर जास्त चांगला. पाठीवर तितकं वजन येत नाही, तिथे कमी घनता आणि मऊपणा चालतो.

विक्रेत्याला घनता सांगता येत नसेल तर गादी हातात उचला. ६० बाय ६० सेंटीमीटर, १२ सेंटीमीटर जाड गादी ३५ घनतेच्या फोमची असेल तर दीड किलोच्या आसपास भरते. तीच २० घनतेची असेल तर जेमतेम ८६० ग्रॅम. वरच्या कापडाचं वजन वेगळं धरलं तरी एवढा फरक हाताला कळतो. दोन सोफ्यांच्या गाद्या लागोपाठ उचलून बघितल्या तर लगेचच कळतो.

गादीची रचना मला आवडते ती अशी: खाली घट्ट थर, वर मऊ थर, त्यावर फायबरचं पातळ वेष्टण. पहिला स्पर्श मऊ मिळतो आणि शरीर मात्र तळाला जाऊन टेकत नाही. पिसांच्या किंवा निव्वळ फायबरच्या गाद्या सुखाच्या असतात, पण त्या रोज झोडपून फुलवाव्या लागतात. ज्यांच्याकडून हे होणार आहे त्यांनीच घ्याव्यात. जुन्या सोफ्यातला फोम पिवळा पडलेला दिसला तर घाबरू नका, उजेड आणि हवेने रंग बदलतोच. बोटाने चोळल्यावर त्याची भुकटी होत असेल तेव्हा तो संपला असं समजा.

कापड आणि चामडं

कापडाच्या नमुन्यावर घासण्याच्या चाचणीचा आकडा असतो, मार्टिनडेल नावाच्या यंत्रावरचा. कापड लोकरीच्या तुकड्यावर हजारो वेळा घासून ते कधी झिजतं ते त्यात मोजतात. घरातल्या रोजच्या वापराला २५,००० किंवा त्याच्या पुढचा आकडा बघा. घासून कापडावर धाग्यांचे बारीक गोळे येतात, त्याची प्रतही १ ते ५ अशी दिलेली असते. आकडा जितका मोठा तितके गोळे कमी, म्हणून ४ किंवा जास्त मागा. आकडा मिळाला नाही तर कापड उजेडासमोर धरा, विणीतून जितका उजेड दिसेल तितकी वीण विरळ. दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणून बघा, टाके उघडे पडता कामा नयेत. रेघांचं किंवा चौकड्यांचं कापड असेल तर पाठीवरची रेघ गादीवरून खाली सरळ उतरते का, तेही बघा. ज्या कारागिराने एवढं सांभाळलं, त्याने आतही सांभाळलं असण्याची शक्यता बरीच.

खोळी काढून धुता येणाऱ्या असाव्यात, हे लहान मुलं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात मी अटीसारखं सांगते. मांजर असेल तर उठावदार फासांचं कापड, म्हणजे बूक्लेसारखं, टाळा, नखं त्यात अडकतात. सोफा उन्हाच्या खिडकीशी ठेवणार असाल तर गडद, भडक रंग नको, उतरलेला रंग तिथे लवकर डोळ्यात भरतो.

रेक्झिन किंवा पीयू लेदर आणि बाँडेड लेदर यांच्याबद्दल मी स्पष्टच बोलते, रोजच्या बैठकीसाठी घेऊ नका. बाँडेड लेदरमध्ये चामड्याचा चुरा कापडावर चिकटवून वरून थर दिलेला असतो. पीयूचा वरचा थर दमट हवेने हळूहळू तुटतो. दोन्हीचे पापुद्रे निघायला लागले की पॅच मारून काम भागत नाही, सगळं आवरण उतरवावं लागतं. अस्सल चामडं महाग असतं पण वयाबरोबर देखणं होतं. घेताना एक प्रश्न नक्की विचारा, चामडं सगळीकडे आहे की फक्त शरीर टेकतं तिथे? बाजूला आणि मागे कृत्रिम लावण्याची पद्धत बरीच आहे. ती वाईट नाही, पण किंमत त्याप्रमाणे असावी.

टेबल आणि बाकीचं

मधल्या टेबलाची उंची बैठकीइतकी किंवा दोन-चार सेंटीमीटर कमी ठेवा, आणि सोफ्यापासून ४० ते ४५ सेंटीमीटर अंतर. हात पोहोचतो आणि पायही अडत नाहीत. टेबल अख्ख्या लाकडाचं असेल तर खालून बघा. ऋतूप्रमाणे लाकूड रुंदीत फुगतं आणि आकसतं, म्हणून वरची फळी लांबट भोकांतून स्क्रूने किंवा सरकत्या ठोकळ्यांनी धरलेली असायला हवी. सगळीकडून गच्च आवळून टाकलेली फळी कधीतरी तडकते. ‘अख्खं लाकूड’ म्हणून विकलेल्या फळीची खात्री तिच्या टोकाशी होते. वरच्या रेषा कडेवरून पुढे उतरतात आणि टोकाला कापलेल्या खोडाच्या गोलाईच्या रेषा दिसतात. छापील लॅमिनेटवर हे जमत नाही, शिवाय तोच डाग थोड्या अंतराने पुन्हा दिसतो.

पुस्तकांच्या फळ्या ७५-८० सेंटीमीटरपेक्षा लांब असतील तर मधे आधार हवा. उंच कपाट आणि खणांचं टीव्ही युनिट भिंतीला पट्टीने किंवा कोनाने बांधा. मुलं खण उघडून त्यावर चढतात, त्यामुळे इथे हयगय नको.

घरापर्यंत

जमिनीवर सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं अंथरा आणि दोन दिवस त्याभोवती वावरा. येण्याजाण्याच्या वाटेला ७५ ते ९० सेंटीमीटर उरतात का ते त्यात कळतं. मागे जाणाऱ्या रिक्लायनरसाठी भिंतीपासूनची जागा, तो पूर्ण उघडलेला असताना मोजा. दाराची मोकळी रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची उंची आणि खोली लिहून दुकानात न्या. पाय आणि हात सुटे होतात का, हेही विचारा.

वॉरंटी सांगाड्याची किती, स्प्रिंगांची किती आणि फोमची किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. ‘दहा वर्षं’ म्हणतात तेव्हा ती बहुधा फक्त सांगाड्याची असते. बिलावर लाकडाचं नाव, फोमची घनता आणि कापडाचा क्रमांक येऊ द्या. नव्याला बजेट अपुरं पडत असेल तर भक्कम सांगाड्याचा जुना सोफा घेऊन त्याला फोम आणि कापड नवं करून घेणं मी केव्हाही पसंत करीन. त्या आधी मात्र वरची पाय उचलण्याची परीक्षा घ्या आणि लाकडात बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा आहे का ते बघा. तसं असेल तर कीड आहे, तो सोफा घरात आणू नका.

सोफा घरी आला की तो आणणारी माणसं जायच्या आत तो उलटा करून एकदा बघा आणि चारही पाय जमिनीला टेकतात का ते तपासा. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी बोल्ट पुन्हा आवळा, कारण नव्या लाकडात ते थोडे सैल होतातच. गाद्या दोन्ही बाजूंनी सारख्या असतील तर दर महिन्याला उलटवा आणि त्यांच्या जागाही बदला. टीव्हीसमोरची जागा सगळ्यांची आवडती असते आणि तिथलीच गादी सगळ्यात आधी बसते.